कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

पिंपरीशेजारच्या थेरगावकरांना टाटा हे नाव मोटारींमुळे घरचे झाले आहे. त्याच घराण्यातील जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टपाल घेऊन पस मॉथ विमानाने कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. या प्रवासास सुमारे ७ तास लागले.

सरळ रेषेत हे अंतर ९०० किलोमीटरही नाही. जेट विमानास ते दोन तासांहूनही कमी वेळाचे. परंतु १९४७ साली मध्ये सीमा आली, पुढे युद्धे झाली, आणि आज या दोन शहरांत थेट विमान नाही. दुबईमार्गे जाणाऱ्या उतारूस ३,००० किलोमीटरांचा वळसा पडतो. यंत्राने जवळ आणलेली शहरे माणसांनी पुन्हा दूर केली, एवढाच याचा अर्थ.