'मानभावी': एका शब्दातील पूर्वग्रह आणि वाङ्मयेतिहास

अमरावती-अकोल्याकडील पदव्युत्तर वर्गांत लीळाचरित्र शिकविताना एक विसंगती जाणवते. चक्रधरांच्या अहिंसेविषयी समजून-उमजून लिहिणारा विद्यार्थीच पुढे एखाद्या कादंबरीतील ढोंगी पात्राला सहज 'मानभावी' म्हणतो. 'महानुभाव'वरून 'मानभाव' व त्यावरून 'मानभावी' ही व्युत्पत्ती त्याला ठाऊक नसते असे नाही; शब्द वापरताना ती आठवत नाही, एवढेच.

फ्रान्सिस बेकनने 'नोव्हम ऑर्गॅनम' (१६२०) या ग्रंथात बुद्धीला भुलविणाऱ्या चार प्रकारच्या 'मूर्ती' सांगितल्या. त्यांतील बाजारपेठेच्या मूर्ती शब्दांवाटे मनात शिरतात, म्हणून त्या सर्वांत उपद्रवी, असे त्याचे मत होते. 'मानभावी' हा अशाच मूर्तीचा नमुना होय. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण अहिंसाव्रती पंथाला थेट कसाबाशी जोडते. तिची खरी ताकद निराळीच आहे. महानुभाव साधू गोड बोलला, तर ते गोड बोलणेच त्याच्या कपटाचा पुरावा ठरते. प्रतिकूल पुरावाही ज्याला पोसतो, असा पूर्वग्रह अनुभवाने सुधारत नाही.

वाङ्मयेतिहासात हेच घडले. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत जतन केले. बाहेरच्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा की, लपविण्याजोगे काहीतरी असलेच पाहिजे. ग्रंथ वाचता येत नाहीत म्हणून संशय, आणि संशय आहे म्हणून वाचण्याचे अगत्य नाही, असे हे चक्र होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा ते प्रथम भेदले गेले. त्यानंतर वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांतून महानुभाव वाङ्मय अभ्यासकांपुढे आले. नेने यांचे लीळाचरित्र १९३६ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले. कोलते यांची आवृत्ती १९७८ ची.

मात्र येथे एका उलट्या पूर्वग्रहाचाही विचार केला पाहिजे. लीळाचरित्रातील संवाद इतके जिवंत आहेत की, हे चक्रधरांचे शब्दशः बोलणेच होय असे मानण्याचा मोह समीक्षकाला होतो. वास्तविक हा ग्रंथ चक्रधरांच्या प्रयाणानंतर शिष्यांच्या आठवणींतून सिद्ध झाला, आणि मूळ प्रत नष्ट झाल्यावर तो पुन्हा स्मृतीतूनच जुळवावा लागला, असे पंथपरंपरा सांगते. वाचताना आलेला जिवंतपणाचा प्रत्यय हे यथातथ्यतेचे प्रमाण नव्हे. उपेक्षेची भरपाई करू पाहणारे प्रेमही आंधळे असू शकते.

या दोन्ही दोषांवरचा उपाय ग्रंथाच्या निर्मितीतच सूचित झालेला आहे. म्हाइंभट विद्वत्तेच्या अभिमानाने चक्रधरांशी वाद करावयास आले आणि शिष्य झाले. पुढे त्यांनी प्रसंगी हजर असलेल्यांना गाठून लीळा गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. भिन्न आठवणी पाठभेदांच्या रूपाने परंपरेत टिकल्या. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रयोगाने दाखविले की, माणसे आपला तर्क खोटा ठरू शकेल असे उदाहरण सहसा शोधत नाहीत. त्याला दुजोरा देणारीच उदाहरणे पुढे करतात. म्हाइंभटांची पद्धती दुसऱ्या साक्षीदाराकडे जाण्याची होती. पूर्वग्रह नुसत्या सद्भावनेने जात नाही. त्यासाठी अशी पद्धती लागते.

ज्या रिद्धपुरात गोविंदप्रभू वावरले, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. 'मानभावी' हा शब्द भाषेतून हद्दपार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु कोशात 'ढोंगी' या अर्थाशेजारी तो अर्थ कोणी, कोणाविषयी रूढ केला याची नोंद असावी. शब्दापाशी क्षणभर अडखळणे, हीच विचाराची सुरुवात होय.