खोलीची बढती

प्रवाशाला रात्रीपुरता निवारा कोणत्या न्यायाने द्यावयाचा, हा प्रश्न मनुष्याच्या प्रवासाइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे स्थूलमानाने तीन आढळतात: पदाप्रमाणे द्यावा, पैशाप्रमाणे द्यावा, किंवा दयाबुद्धीने द्यावा. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना ही तिन्ही उत्तरे अनुभवाने ठाऊक आहेत. सर्किट हाऊसमधील खोली पदाने मिळते, स्टेशनासमोरच्या लॉजमधील पैशाने, आणि तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळेतील ओवरी कोणा दात्याच्या पुण्याईने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अमेरिकेतील हॉटेलांत या तिहींचे एक चमत्कारिक मिश्रण रूढ झाले. पाहुण्याने साध्या दराची खोली राखून ठेवावी, आणि काउंटरवर पोहोचताच, एक पैसाही अधिक न घेता, वरच्या वर्गाच्या खोलीची किल्ली त्याच्या हाती पडावी! डिस्नेलँडसारख्या करमणुकीच्या नगरीलगतच्या हॉटेलांत तर अशी खोली लाभणे हा प्रवासातील भाग्ययोगच समजला जातो. आपल्या कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर ही खोलीची बढती होय. ही बढती कृपा आहे की हिशेब, याचा उलगडा तिच्या इतिहासात होतो.

जुन्या व्यवस्थांत या प्रश्नाला फारसा वाव नव्हता. अहिल्याबाई होळकरांनी देशभर ज्या धर्मशाळा व घाट बांधविले, तेथे येणारा यात्रेकरू उपकृत असे, पण व्यक्तिशः कोणाचा मिंधा नसे. इंग्रजी अमदानीतील डाकबंगल्याचा नियमही मोठा मार्मिक होता. चोवीस तास मुक्काम झालेल्या प्रवाशाने जागेअभावी नव्याने आलेल्यासाठी खोली मोकळी करून द्यावी, असा तो दंडक. पद आणि पैसा यांच्या जगातही घड्याळाच्या काट्याने थोडा न्याय करावा, अशी ती योजना होती.

अमेरिकेत हॉटेलांची वाढ झाली ती पैशाच्या न्यायावर. तेथील जुन्या खाणावळींत अनोळखी प्रवाशांना एकाच बिछान्यावर निजावे लागे. १८२९ मध्ये बॉस्टन शहरी ट्रेमॉन्ट हाऊस उघडले, आणि पाहुण्याला स्वतंत्र, कुलपाची खोली मिळू लागली. पुढे १९०८ मध्ये एल्सवर्थ स्टॅटलर याने बफेलो येथील आपल्या हॉटेलात प्रत्येक खोलीला स्नानगृह जोडले, आणि तेही मध्यमवर्गीयास परवडेल अशा दरात. सर्वांना सारखी खोली, जाहीर दर, आणि कोणाच्याही मर्जीचा प्रश्न नाही. लोकशाही राष्ट्राला शोभणारीच ही व्यवस्था होती.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे, जेथे पूर्वी संत्र्यांच्या बागा होत्या, तेथे वॉल्ट डिस्ने याने डिस्नेलँड उघडले. (नोव्हेंबर १९६१ मध्ये पंडित नेहरूंनीही या नगरीस भेट दिली होती.) नगरी उभारताना डिस्नेची बहुतेक सारी पुंजी खर्ची पडली होती. हॉटेल बांधण्यास हाती पैसा उरला नाही, म्हणून ते काम दूरचित्रवाणीच्या धंद्यातील जॅक रॅदर याने पत्करले. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी डिस्नेलँड हॉटेल सुरू झाले. १९६१ मध्ये नगरीतील मोनोरेल थेट त्याच्या दाराशी आली. तथापि नाव डिस्नेचे आणि मालकी रॅदरची, हा प्रकार १९८८ पर्यंत चालला. नगरीच्या चहूबाजूंस इतरांची मोटेलेही उगवली. पाहुणे आपण आणावयाचे आणि त्यांच्या मुक्कामाचा नफा शेजाऱ्यांनी घ्यावयाचा, ही गोष्ट डिस्नेच्या मनाला फार लागली. म्हणूनच फ्लोरिडातील दुसऱ्या नगरीसाठी त्याने सत्तावीस हजार एकरांहून अधिक जमीन आधीच खरेदी करविली. १९६६ मध्ये तो निवर्तला. नगरी उघडली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी, आणि या वेळी हॉटेले कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर होती.

त्यांपैकी कंटेम्पररी या हॉटेलाची बांधणी आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. त्याच्या खोल्या जागेवर बांधल्या नाहीत. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने त्या जवळच्याच कारखान्यात तयार केल्या आणि यारीने उचलून, कपाटात खण सरकवावेत तशा, पोलादी सांगाड्यात बसविल्या. एकाच साच्यातून निघालेल्या खोल्यांत उच्चनीच ते काय असणार? पण एका बाजूच्या खोलीतून परीकथेतला किल्ला दिसतो, दुसऱ्या बाजूच्या खोलीतून सरोवर, आणि किल्ल्याकडील खोलीचा दर अधिक असतो. तोच पलंग, त्याच भिंती. दर ठरतो तो खिडकीवरून. या नगरीजवळच्या हॉटेलांतील बढती पुष्कळदा अशी असते. पाहुण्याला खोली मोठी मिळत नाही, देखावा मोठा मिळतो. स्टॅटलरने सर्वांना सारखी केलेली खोली अशा रीतीने खिडकीच्या वाटेने पुन्हा विषम झाली.

खोल्यांचे वर्ग वाढले, आणि त्यांबरोबर बढतीचे गणितही जन्माला आले. या गणिताची शाळा विमान कंपन्यांत भरली. १९७८ मध्ये अमेरिकन सरकारने विमानभाड्यांवरील नियंत्रण उठविले. त्यानंतर एकाच विमानातील आसने निरनिराळ्या भावांनी विकावयाची आणि कोणता भाव केव्हा बंद करावयाचा हे संगणकाने ठरवावयाचे, अशी पद्धती रूढ झाली. ऐंशीच्या दशकात मॅरिअटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ती उचलली. तिच्या मुळाशी एक साधे सत्य आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती भाजीसारखी नासते.

समजा, एखाद्या हॉटेलात साध्या वर्गाच्या शंभर खोल्या आहेत. काही पाहुणे ऐनवेळी येत नाहीत, हे जाणून व्यवस्थापक एकशे आठ जणांची मागणी स्वीकारतो. संध्याकाळी तिघेच गैरहजर राहतात, आणि पाच पाहुणे शिल्लक उरतात. त्यांना मधल्या वर्गात जागा द्यावी लागते. मधला वर्ग भरलेला असेल तर त्यातील पाच जण सर्वांत वरच्या वर्गात चढवावे लागतात. वरची जागा रिकामी आणि खालची दाटी असह्य, म्हणून मधला वर सरकतो. बढतीच्या याद्या व रिक्त जागांची पत्रके लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्यासारख्यांना हे रहस्य समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, आपल्याकडील बढतीच्या आदेशात कारण नमूद असते. हॉटेलातील बढतीबरोबर मंद स्मित येते आणि कारण दप्तरात राहते.

या गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. वरचे वर्गही भरलेले असतील तर तेच पाच पाहुणे दुसऱ्या हॉटेलात धाडले जातात. विमानांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयात गेला. १९७२ मध्ये राल्फ नेडर या प्रसिद्ध ग्राहक-कैवाऱ्याला तिकीट असूनही विमानात जागा नाकारण्यात आली. त्याचा दावा चालू शकतो, असा निर्णय १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे एकाच अतिरिक्त विक्रीतून एकाला किल्ल्याचा देखावा मिळतो आणि दुसऱ्याला सामानासह रस्ता. पहिल्याने आभार मानावयाचे आणि दुसऱ्याने न्यायालयात जावयाचे, एवढाच भेद.

कधी दाटीऐवजी ओसाडीतूनही औदार्य जन्मते. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसजवळ डिस्नेची नगरी उघडली, तेव्हा तेथे एकदम सहा हॉटेले व पाच हजारांहून अधिक खोल्या होत्या. अपेक्षेइतके मुक्कामी पाहुणे लाभले नाहीत, आणि १९९४ मध्ये कंपनीच्या कर्जाची फेरमांडणी करावी लागली. ज्या घरी खोल्या ओस पडल्या आहेत, तेथे यजमानाला चांगली खोली देण्यास फारसे औदार्य लागत नाही.

तरीही या बढतीत मनुष्याचा हात अजिबात नसतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. किती जणांना वर चढवावयाचे हे गणित ठरविते. कोणाला, हे पुष्कळदा काउंटरवरील कारकुनाच्या हाती असते. हे स्वातंत्र्य बांधून टाकण्याचे प्रयत्नही झाले. १९८३ मध्ये हॉलिडे इन व मॅरिअट यांनी वारंवार येणाऱ्या पाहुण्यांसाठी योजना सुरू केल्या. पुढे अशा योजनांतून निष्ठावंत पाहुण्याला वरच्या खोलीवर सशर्त हक्क मिळू लागला. डिस्नेने २००९ मध्ये वाढदिवसाच्या दिवशी नगरीत विनामूल्य प्रवेश दिला. तो जाहीर नियम होता, म्हणून कोणालाही दाखला दाखवून ताठ मानेने आत जाता आले. जेथे नियम नाही तेथे मात्र लोक मधुचंद्राचे, लग्नाच्या वाढदिवसाचे दाखले देतात, आणि त्यांतले काही खोटे असतात. एका खिडकीसाठी चारचौघांत, आपल्याच मुलांदेखत, असत्य बोलावयाचे! खोलीची बढती फुकट असते खरी, पण कित्येकजण तिची किंमत अशी मोजतात.

आणि ती आता दुर्मिळही होत चालली आहे. रांग टाळण्यासाठी १९९९ मध्ये डिस्नेच्या नगरीत विनामूल्य चिठ्ठीची सोय आली होती; २०२१ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी पैसे घेणारी योजना आली. खोल्यांचेही तेच होत आहे. पाहुणा घरून निघण्यापूर्वीच, थोडी रक्कम अधिक भरल्यास वरची खोली देऊ, असा निरोप अनेक हॉटेले त्याला पाठवितात. पूर्वी जी शिल्लक कारकून संध्याकाळी वाटीत असे, ती सकाळीच विकली जाते. जुन्या तीन न्यायांपैकी पैशाचा न्याय उरलेल्या दोहोंना असा गिळीत चालला आहे.

म्हणून कोणा वाचकास, वा परदेशी गेलेल्या त्याच्या मुलाबाळांस, अशी किल्ली कधी अवचित मिळालीच, तर ती संकोच न करता घ्यावी. कंपनीचे ऋण मानण्याचे कारण नाही. तिने आपली शिल्लक मार्गी लावली आहे. परंतु यादीतल्या अनेक नावांतून आपले नाव ज्याने निवडले, त्या काउंटरमागील मनुष्याचे आभार अवश्य मानावेत. दिवसभर दुसऱ्यांच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्याच्या वाट्याला कोणाचे थोडे भले करण्याची संधी क्वचित येते. ती त्याने आपल्यासाठी वापरली, एवढे तरी त्या बढतीत निखळ दान असते.