महाडचे पाणी आणि ख्रिस्ती विवेक

शिवथरच्या खोऱ्यातील घळ दासबोधाची जन्मभूमी म्हणून महाराष्ट्रास वंदनीय आहे. रायगड १६७४ सालच्या राज्याभिषेकामुळे पूज्य आहे. या दोहोंच्या शेजारी महाड वसले आहे. तेथील चवदार तळ्याची हकीकत आपल्या ख्रिस्ती बांधवांनी ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आठवावी, असे आम्हांस वाटते. कारण ती हकीकत पाण्याची आहे, आणि आपण सर्वांनी ख्रिस्तसभेत पाण्याच्याच द्वारे प्रवेश केला आहे.

सार्वजनिक विहिरी, तळी, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. पुढील वर्षी महाडच्या म्युनिसिपालिटीने तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ते खुलेपण कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. या 'अपराधा'बद्दल लोकांस मारहाण झाली, तळ्याची शुद्धी करण्यात आली, आणि ऑगस्टात म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला. दुसरी परिषद २५ डिसेंबर रोजी, म्हणजे नेमक्या नाताळच्या दिवशी, भरली. तिला जागा दिली ती फत्तेखान नामक मुसलमान गृहस्थाने. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी. कोर्टाच्या मनाईहुकुमामुळे तळ्यावर जाणे तहकूब झाले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

त्या नाताळच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी एक मर्मभेदी गोष्ट दाखवून दिली: परधर्मीयांस त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबावे. जेथे आपणांस मुभा आहे आणि शेजाऱ्यास मनाई आहे, तेथे आपले कर्तव्य काय? आपली घागर भरून निमूटपणे घरी येणे, की शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहणे? फत्तेखान व सहस्रबुद्धे यांनी आपल्या कृतीने उत्तर दिले. तारणाऱ्या प्रभूने तर ते फार पूर्वीच दिले होते. यहुदी लोक ज्यांच्याशी भांड्याचाही व्यवहार ठेवीत नसत, अशा शमरोनी जातीच्या एका स्त्रीपाशी त्याने विहिरीवर पाणी मागितले. केवळ दान देणारा नव्हे, तर त्याज्य मानलेल्या हातचे घेणारा असा तो प्रभू आहे.

भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. परंतु त्याच वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला. दलित ख्रिस्ती बांधव अद्याप बाहेरच आहेत. हा अन्याय दूर व्हावा, ही ख्रिस्तसभेची मागणी रास्त आहे, असे आमचे मत आहे.

तथापि सरकारच्या दारी न्याय मागणाऱ्याने प्रथम आपले घर झाडावे. दक्षिणेत ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. गोव्यात काही धर्मबंधुसंघांची दारे जातीवरून उघडत वा मिटत. आपल्याकडेही सोयरीक जुळविताना वराच्या सदाचाराआधी त्याची जात विचारणारी घरे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ साली असा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले, आणि भारतातील बिशपांनी २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. धोरण उत्तम आहे. परंतु महाडचा ठरावही कागदावर उत्तमच होता, हे विसरता कामा नये.

यास्तव आम्ही वाचकांस नम्रपणे विनवितो, की या ज्युबिलीचे खरे स्मारक घंटेत वा शिखरात शोधू नये. ज्या स्नानपात्रातील एकाच पाण्याने मालक व मजूर, उच्च व नीच म्हणविणारे सर्व देवाची लेकरे झाले, त्या पाण्याची आठवण लग्नाच्या बोलणीत, पंक्तीत, निवडणुकीत व दफनभूमीत राखावी. त्या आठवणीने वागणाऱ्यांवर देवाची कृपादृष्टी सदैव राहो.