छापील किंमत आणि विक्रेत्याचा नफा : अमेरिकेतील मोटारघरांच्या बाजाराचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
चाकांवरच्या घरांचा अमेरिकी उद्योग महामंदीच्या काळात आकारास आला. १९३० च्या जानेवारीत आर्थर शर्मन यांनी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मोटारीमागे ओढावयाचा ‘कव्हर्ड वॅगन’ हा ट्रेलर ४०० डॉलर किमतीस मांडला. १९३६ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ १,२०० डॉलरला विकला जाऊ लागला. पुढे १९६६ मध्ये आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने स्वतःचे इंजिन असलेली मोटारघरे बांधावयास घेतली. या वाहनांच्या विक्रीत विक्रेत्याच्या वाट्यास नेमके किती येते, हा प्रश्न मात्र साध्या मोटारींच्या इतिहासाकडे वळल्याशिवाय उलगडत नाही.

किंमतफुगवटा आणि १९५८ चा कायदा :
दुसऱ्या महायुद्धात खासगी मोटारींचे उत्पादन बंद असल्याने युद्धोत्तर काळात मागणी तुंबलेली होती व विक्रेता सांगेल ती किंमत मोजली जात होती. १९५० च्या दशकात पुरवठा वाढला, तेव्हा निराळीच युक्ती रूढ झाली. गाडीच्या किमतीत आधीच काही रक्कम मिळवावयाची आणि ग्राहकाच्या जुन्या गाडीस भरघोस मोल दिल्याचे दाखवून तीच रक्कम परत करावयाची. मूळ किंमत कोठे छापलेलीच नसल्यामुळे ग्राहक समाधानाने घरी जात असे.

यावर ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी पुढाकार घेतला व १९५८ मध्ये कायदा संमत झाला. नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने सुचविलेली किंमत, जादा साधनांची किंमत, वाहतूक खर्च व एकूण रक्कम दर्शविणारे पत्रक लावणे उत्पादकावर बंधनकारक झाले. येथे मराठी वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. भारतातील वेष्टित मालावरील कमाल किरकोळ किंमत ही मर्यादा असते. मन्रोनींच्या पत्रकावरील आकडा केवळ सूचना असतो. विक्रेत्याची खरेदी किंमतही त्यावर नसते. तरीही आरंभीचा आकडा विक्रेत्याच्या हातून सुटला, हे थोडे नव्हे. १९६६ पासून एडमंड्सच्या पुस्तिकांनी मोटारींच्या किमतींची माहिती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचविली.

कायद्याबाहेरची वाहने :
या कायद्याच्या व्याख्येत प्रवासी मोटार व स्टेशन वॅगन येतात. ट्रेलर व मोटारघरे बाहेर राहिली. गंमत अशी की झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असल्यास अमेरिकी प्राप्तिकर कायदा याच वाहनास घर मानतो आणि काही अटींवर कर्जाच्या व्याजावर वजावट देतो.

परिणामी या बाजारात सुचविलेली किंमत बरीच चढी ठेवून मोठी सूट जाहीर करण्याची प्रथा रुजली. उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. वाहन विक्रेत्यास ६०,००० डॉलरला पडले, त्यावर सुचविलेली किंमत १,००,००० डॉलर आहे आणि सौदा ७५,००० ला ठरला, असे समजू. ग्राहकास २५ टक्के सूट मिळाल्याचा आनंद होतो. विक्रेत्याने खरेदीवर चढविलेली रक्कमही २५ टक्केच आहे. विक्रीच्या प्रमाणात मोजल्यास तोच नफा २० टक्के भरतो. घासाघीस करणारा ग्राहक यांपैकी पहिला आकडा तेवढा पाहू शकतो. शिवाय कर्जाची व्यवस्था, वाढीव हमी व कागदपत्रांचे शुल्क यांतून होणारी कमाई वेगळीच.

विक्रेत्याची बाजू अगदीच पोकळ नाही. त्याचा माल कर्जाऊ पैशावर उभा असतो, व्याज चालूच राहते आणि हिवाळ्यात गिऱ्हाईक फिरकत नाही. उत्पादकांनी २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक वाहने रवाना केली. त्या तेजीत सूट आटली. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ३.१३ लाखांवर उतरला, तेव्हा आवारात साचलेला माल काढण्यासाठी त्याच विक्रेत्यांना किमती पाडाव्या लागल्या. तेजीत चढ्या भावाने घेणाऱ्या कुटुंबांची कर्जे मात्र दहा, पंधरा, कधी वीस वर्षांची असतात. वाहनाचे बाजारमूल्य घसरले, तरी त्यांचे हप्ते सौद्याच्या दिवशी ठरलेल्या रकमेवरच चालू राहतात.