एकाच पटाभोवती बसलेले चौघे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माहूरच्या रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई, तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. घरात लग्न पार पडलं की चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते आणि संबळ घुमू लागतं. आधी देवतांना आवाहन, मग रात्र चढली की आख्यान. आख्यानात नाईक एकटाच राजा होतो, क्षणात राणी होतो, लगेच भिकारी होतो. साथीदार मध्येच अडवून ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारत राहतो. अंगणात बसलेले सगळे मात्र एकाच ओढीनं आलेले नसतात. म्हातारीला आवाहन हवं असतं, पोरांना साथीदाराच्या कोट्या, कुणाला कथा. कुणी तर नुसत्या संबळाच्या ठेक्यासाठी जागतो. नाईक मुरलेला असेल तर यांतल्या एकालाही उठू देत नाही.

सोंग घेण्याची ही हौस टेबलावरच्या खेळात उतरली ती दूर अमेरिकेत, आणि तीही चुकून. 1969 साली मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाचा तरुण मित्रांसाठी युद्धाचा खेळ मांडत होता. नेपोलियनचा काळ, ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणि गावावर चालून येणारं सैन्य. सेनापती व्हायचं ते दोघांनीच. मग बाकीच्यांनी करायचं काय? वेस्लीनं कुणाला नगराध्यक्ष केलं, कुणाला विद्यापीठाचा प्रमुख. झालं असं, की मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करत बसली आणि लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणारे म्हणाले, पुन्हा कधी?

त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसननं पुढं गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पहिल्या खेपेला हजार प्रती. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन ‘मी आता काय करतो’ ते सांगतात आणि ते जमलं की नाही याचा निवाडा फासे करतात. आपल्या नाईकाला हे समजवायला फार वेळ लागला नसता.

नियम मात्र युद्धखेळात मुरलेल्यांनी मुरलेल्यांसाठी लिहिलेले. नवखा माणूस पहिल्या पानावरच अडखळे. 1977 मध्ये नवख्यांसाठी सोपी आवृत्ती निघाली. ती तयार केली जे. एरिक होम्स यांनी. ते पेशानं मेंदूविकाराचे डॉक्टर. दार रुंद झालं, आणि रुंद दारातून येणारी माणसं एका स्वभावाची कशी असतील? 1980 मध्ये ग्लेन ब्लॅकॉ यांनी एका लेखात खेळणाऱ्यांचे चार स्वभाव सांगितले. एकाला डावपेच हवेत, एकाला आपलं पात्र बलवान करायचंय, एकाला पात्राच्या अंगात शिरायचंय, तर एकाला गोष्ट पुढं न्यायचीय. चौघंही एकाच टेबलावर. भांडण होणारच.

ही जाण आपल्या भागाला नवी नव्हती. लातूरहून फार लांब नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ रचला. त्याचा शेवटचा भाग खेळांचाच. त्यात बुद्धिबळाच्या जातीचं चतुरंग आहे, फासे आहेत, कवड्या आहेत, कोडीही आहेत. ज्याला डोकं चालवायचंय त्याला ते, ज्याला नशीब अजमावायचंय त्याला हे. सोमेश्वर प्रत्येकाला वेगळा खेळ देतो, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं.

एकाच पटावर सगळ्यांना बसवलं ते मोक्षपटानं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्या काळचा लेखी पुरावा मात्र नाही. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो, शेवटी मोक्ष. असाच पट जैन घरांत पर्युषणात खेळत. आजोबांना उपदेश, नातवाला कवड्या. 1890 च्या दशकात तो इंग्लंडात दुकानात आला आणि हळूहळू घरांची नावं गळून नुसते आकडे उरले. खेळ जगभर गेला खरा. पण माझ्या मते तो सोपा होण्याच्या नादात पोकळ झाला. चौघांपैकी तिघांना त्यात करण्यासारखं काही राहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरी नातवंडं जमली. सापशिडी मांडली. धाकटी दोन डावांत कंटाळून उठली. तिला जिंकण्या-हरण्याचं काही नव्हतं. मग मी पटावर खडूनं नावं लिहिली आणि म्हटलं, सापानं गिळलं की आपल्या सोंगटीनं काय केलं होतं ते सांगायचं. थोरला म्हणाला, यानं खेळ लांबतो. धाकटीची सोंगटी लोभाच्या सापातून खाली आली तेव्हा तिनं आजीच्या डब्यातल्या लाडवांची अशी लांबलचक कथा लावली, की थोरला आपली पाळी विसरला.