ज्ञानकोशातील कारागीर

कोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काचेचे कपाट येते. कपाटात जाडजूड खंडांची रांग, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे आणि कपाटाला कुलूप. ग्रंथपालाकडे किल्ली मागावयाची, तर कोणत्या कामासाठी हवे ते आधी सांगावे लागे. कामावरून सुटून, हातांचा तेलकट वास पुरता न गेलेला माणूस त्या कपाटापुढे उभा राहिला तर तो तेथे काय शोधीत असेल, असा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसे. आम्ही अशा कपाटांपुढे पुष्कळदा उभे राहिलो आहोत, म्हणून हे सांगतो. आता ती कपाटे उघडली आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचे कोश पानोपान छायाचित्रित होऊन संगणकावर आले आहेत, आणि हातातल्या फोनवरही ते फुकट पाहता येतात. अशाच एका जुन्या कोशाची हकिकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. तो कोश फ्रान्समधला आहे, परंतु त्यातील प्रश्न आपल्या गावातल्या कोणत्याही कारखान्यात उभा राहू शकतो.

त्या कोशाचे नाव ‘आंसिक्लोपेदी’. पुढे त्याची फोड अशी केलेली होती: विद्या, कला आणि धंदे यांचा सयुक्तिक कोश. यातील ‘धंदे’ हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण आमचे सारे व्याख्यान त्या एका शब्दावर उभे आहे.

आरंभ अगदी साधा होता. इंग्लंडात चेंबर्स नावाच्या गृहस्थाने १७२८ साली दोन खंडांचा एक कोश काढला होता. पॅरिसचा प्रकाशक ल ब्रतों याच्या मनात त्याचे फ्रेंच भाषांतर करून विकावे असे आले. हे काम अखेरीस दनी दिदेरो आणि गणिती दालांबेर यांच्याकडे आले आणि त्यांच्या हाती भाषांतराचे स्वतंत्र ग्रंथ झाले. १७५१ साली पहिला खंड निघाला. १७७२ साली काम पुरे झाले, तेव्हा मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ असे २८ खंड तयार होते. लेख सुमारे ७२ हजार, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रपत्रे अडीच हजारांहून अधिक.

दिदेरो हा लांग्र गावच्या चाकूसुऱ्या बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७१३ साली जन्मला. घरात भाता, ऐरण, सहाण यांचा आवाज ऐकत वाढलेला हा माणूस पुढे तत्त्वज्ञ झाला. पण तत्त्वज्ञ झाल्यावर बापाचा धंदा सांगण्याची त्याला लाज वाटली नाही, हे आम्हांस विशेष वाटते. कोशाच्या पहिल्याच खंडात ‘कला’ या विषयावर त्याने स्वतः लेख लिहिला. हातांनी करावयाच्या कामास हलके लेखण्याची जी रीत पडली आहे, तिने समाजाचे नुकसान केले, असा त्याचा आशय आहे. दालांबेरनेही प्रस्तावनेत विचारले की, मोठ्या विजेत्यांची नावे सर्वांना पाठ असतात, मग घड्याळातील नाजूक भागांची युक्ती ज्यांनी शोधली त्यांची नावे कोणाला का ठाऊक नाहीत? १७५१ साली, राजाच्या आणि धर्मपीठाच्या डोळ्यांदेखत, हे छापणे सोपे नव्हते.

पण आदर दाखविणे निराळे आणि माहिती मिळविणे निराळे. धंद्यांची माहिती ग्रंथांत नव्हती, ती माणसांच्या हातांत होती. तेव्हा या मंडळींनी कारखान्यांची वाट धरली. पॅरिसमधील आणि देशातील कुशल कारागिरांकडे जावयाचे, प्रश्न विचारावयाचे, ते सांगतील तसे उतरून घ्यावयाचे, धंद्यातले शब्द जमवावयाचे आणि पुन्हा दुसऱ्याकडून ताडून पाहावयाचे. काही वेळा यंत्र मिळवून ते स्वतः चालवावे लागले. चांगले काम कसे होते हे लोकांना सांगण्यासाठी आधी स्वतः वाईट काम करून पाहावे लागले, अशी कबुलीही दिदेरोने दिली आहे. त्याची तक्रार अशी होती की, हजार कारागिरांत आपल्या कामाविषयी स्वच्छ बोलू शकणारे डझनभर मिळणे मुष्कील. हातांना कळते ते तोंडाने सांगता येत नाही. ज्याने कधी नव्या पोराला लेथवर उभे केले आहे, त्याला यातले खरे लगेच पटेल.

आणखी एक अडचण होती. कारागीर संशयी होते. वही घेऊन आलेला हा सभ्य माणूस कोण? करवसुलीचा हेर तर नव्हे? की शेजारी दुकान थाटू पाहणारा व्यापारी? दिदेरोस हा संशय अज्ञानाचा वाटला. धंद्याची गुपिते संघांच्या पेटीत कुलूपबंद ठेवणे म्हणजे मानवजातीचा ठेवा लपविणे, असे त्याचे म्हणणे. एका अर्थी ते बरोबर होते. परंतु दुसऱ्या अर्थी कारागीरही बरोबर होता.

यासाठी टाचणीचे उदाहरण घेऊ. कोशाच्या पाचव्या खंडात, १७५५ साली, टाचणीवर लेख आला. लेखक दलेर. संपादकांनी लेखाच्या शेवटी मुद्दाम नोंदले की, या गृहस्थाने टाचणीचे काम खुद्द कामगारांच्या कारखान्यात बसून वर्णिले. टाचणी ही क्षुल्लक वस्तू, पण तार खेचण्यापासून कागदावर टाचण्या टोचून बसवीपर्यंत तिच्यावर १८ कृती होतात, असे त्यात दाखविले आहे. तार सरळ करणे, तोडणे, चाकावर टोक काढणे, माथ्यासाठी बारीक तार गुंडाळणे, ते माथे बसवून ठोकणे, कल्हई देणे, कोंड्यात घोळून सुकविणे. प्रत्येक कृतीस निराळा हात. पुढे १७७६ साली ॲडम स्मिथने आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात टाचणीचाच दाखला घेतला. तेथेही कृतींचा आकडा १८ च आहे. स्मिथला हा फ्रेंच कोश चांगला परिचित होता. दहा माणसांनी काम वाटून घेतले तर दिवसास ४८ हजार टाचण्या होतात, असा त्याने हिशेब मांडला. कामगाराच्या शेजारी बसून लिहिलेला मजकूर एकवीस वर्षांत अर्थशास्त्राचा पाठ झाला. कामाचे तुकडे पाडा, उत्पादन वाढवा, हा तो पाठ. ज्याने कृती सांगितली तो मात्र त्या पाठात कोठे उरला नाही.

हा प्रसंग वाचताना आम्हांस आमच्याकडचे एक मिस्त्री आठवले. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात दोन साहेब घड्याळ आणि पुठ्ठ्याची पाटी घेऊन आले. मिस्त्रींनी मोठ्या हौसेने त्यांना सगळे दाखविले. जॉब कसा बांधावा, हत्याराला धार कशी द्यावी, कोणता आवाज आला की मशीन थांबवावे, सारे काही. तीन महिन्यांनी वेतनाच्या वाटाघाटीत व्यवस्थापनाने एक छापील तक्ता आमच्यापुढे टाकला. मिस्त्रींचेच ज्ञान, पण मिनिटांत मोडलेले, आणि त्याच्या जोरावर रोजचे उत्पादन वाढवून मागितलेले. रात्री युनियनच्या कचेरीत मिस्त्री तो कागद उलटसुलट पाहत बसले. म्हणाले, “अरे, सांगितलं मी, लिहिलं त्यांनी. पण ह्या कागदावर माझं नाव कुठं आहे?” आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते.

आता चित्रांकडे वळू. चित्रांचे काम मुख्यत्वे गूसिए नावाच्या चित्रकाराचे. नऊशेहून अधिक चित्रपत्रे एकट्याने काढली. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असे. वरच्या भागात कारखान्याचे दृश्य, खालच्या भागात हत्यारे व यंत्राचे सुटे भाग, प्रत्येकाला अंक किंवा अक्षर, आणि त्या अक्षरांचा खुलासा सोबतच्या मजकुरात. टाचणीच्या चित्रांत कोणी चाक फिरवीत आहे, कोणी त्यावर टोक काढीत आहे, कोणी माथी बसवीत आहे. लोहार, काच फुंकणारे, कागद करणारे, विणकर, खाणवाले, सगळे या खंडांत आहेत. आम्ही ही चित्रे प्रथम पाहिली तेव्हा तासभर नजर हलली नाही. राजेरजवाड्यांच्या तसबिरी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण पटाशीला आणि पान्याला इतक्या निगुतीने कागदावर बसविलेले कधी पाहिले नव्हते.

परंतु तासाभराने काहीतरी खटकू लागले. या कारखान्यांत घाम नाही. जमीन झाडलेली, खिडकीतून प्रकाश येतो आहे, दालने प्रशस्त, माणसे थोडी, कोणाच्या तोंडावर थकवा नाही. धूर नाही, खोकला नाही, पगाराचा दिवस नाही. चेहरे सारे एकासारखे. यंत्राच्या स्क्रूला अंक आहे, माणसाला नाव नाही. काही चित्रे तर जुनी होती. राजाच्या विज्ञान अकादमीने रेओम्यूर या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली धंद्यांची चित्रे आधीच कोरवून घेतली होती. त्यांवरून नक्कल केल्याचा आरोप १७५९ साली जाहीरपणे झाला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता.

त्याच १७५९ सालची आणखी एक गोष्ट. दिदेरोस १७४९ साली त्याच्या लिखाणाबद्दल व्हँसेनच्या किल्ल्यात महिनोन्‌महिने डांबले होते. १७५२ साली कोशाच्या पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. १७५९ च्या मार्चमध्ये तर छपाईचा परवानाच रद्द झाला, आणि पोपनेही ग्रंथ निषिद्ध ठरविला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात चित्रांचे खंड काढण्यास मात्र सरकारने नवा परवाना दिला! म्हणजे शब्द धोक्याचे, चित्रे निरुपद्रवी. कामगार काम करताना दिसला तर हरकत नाही, त्याच्याविषयी कोणी लिहू नये. उरलेले दहा खंड गुपचूप छापून परगावच्या खोट्या पत्त्यावर १७६५ च्या सुमारास बाहेर काढावे लागले. त्यातही प्रकाशक ल ब्रतोंने भिऊन, दिदेरोस न कळविता, मजकुराला कात्री लावली होती.

तेव्हा आम्ही चित्रे मिटून मजकुराकडे गेलो. फ्रेंच आम्हांस येत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेकांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरांचा आधार घेतला. तेथे, दालांबेरच्या प्रस्तावनेच्या अखेरीस, साहाय्य करणाऱ्यांची जी यादी आहे तिच्यात विद्वानांच्या बरोबरीने बारा नावाचा एक कामगार आढळला. आपल्या कामात निष्णात असलेल्या या माणसाने मोजे विणण्याचा माग संपादकासमोर अनेकदा खोलून पुन्हा जोडून दाखविला, अशी नोंद आहे. बॉने आणि लोरां हे दोन रेशीमकामगार; त्यांनी मखमलीचा माग उभा करून लेखकाच्या डोळ्यांसमोर चालविला. चित्रात ज्यांना चेहरा नव्हता त्यांना मजकुरात नाव आहे. मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधी कोणीतरी देऊन ठेवले होते.

आता हिशेब पाहा. या कोशाची पहिली आवृत्ती सव्वाचार हजार प्रतींच्या आसपास. वर्गणीदाराला सगळे खंड ९८० लिव्हरला पडले. पॅरिसच्या साध्या मजुराची दिवसाची मजुरी तेव्हा एका लिव्हरच्या आगेमागे. म्हणजे बाराने स्वतःचे नाव छापलेला ग्रंथ विकत घ्यावयाचा म्हटले तरी ते त्याच्या आवाक्यापलीकडचे होते. ज्ञान कारखान्यातून निघाले, ते दिवाणखान्यात गेले आणि अडीचशे वर्षे तेथेच राहिले. शिकागो विद्यापीठाने हा सारा कोश शब्द शोधता येईल अशा रीतीने संगणकावर आणला. २०१७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनेही एका मूळ प्रतीवरून त्याची संगणकीय आवृत्ती खुली केली. ज्या अकादमीची चित्रे उचलल्याचा बोभाटा झाला होता तिनेच ती चित्रे जगाला फुकट द्यावीत, हा काळाचा विनोद आहे.

या शिकागो विद्यापीठाशी आपलाही संबंध आहे. मोलस्वर्थचा मराठी–इंग्रजी कोश, १८५७ सालची दुसरी आवृत्ती, त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही संगणकावर वाचता येतात, आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोशही. कपाटाची किल्ली आता आपल्याच खिशात आहे. पण एक सावधगिरी हवी. हल्ली त्या फ्रेंच कोशातील चित्रे सुटी काढून दिवाणखान्यात लावतात, चहाच्या कपांवर छापतात. सुटे चित्र शोभा देते, पण त्यातील अंकांचा खुलासा मागे राहतो, आणि बाराचे नाव तर कायमचेच मागे राहते. १७५९ साली सरकारने चित्रांना जाऊ दिले आणि शब्दांना अडविले. आज आपण होऊन तीच निवड करू नये.

आपल्या गावात किती धंदे आपल्या डोळ्यांदेखत मावळले ते आपण जाणता. हातमागाचे, खिळे जुळविण्याचे, ओतकामाचे. त्यांतली माणसे अजून आहेत, सत्तरीऐंशीची आहेत. फोन प्रत्येकाच्या हातात आहे आणि चित्र काढणे आता गूसिएइतके कष्टाचे राहिलेले नाही. चित्र जरूर काढावे. मात्र त्यांच्या शेजारी बसून, ते सांगतील ते शब्दही उतरून घ्यावेत. आणि शेवटी, त्यांना विचारून, सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आमचे मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या हातचे एक गेज आमच्या टेबलावर असते. त्यावर कारखान्याचा शिक्का आहे, मिस्त्रींचे नाव नाही.