पातळ क्षार आणि ‘गोड जागा’

मंडळी, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, रसायनशास्त्र नव्हे. पण मोजमापाचा एक जुना प्रश्न मला रसायनाच्या इतिहासात भेटला, तो सांगतो.

आपलं खाण्याचं मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. 1914 मध्ये रीगाच्या पॉल वाल्डेन यांनी नोंदवलं, की एथिलअमोनियम नायट्रेट हा क्षार 12 अंशांनाच वितळतो. म्हणजे या सभागृहात तो पातळच राहील. पाण्यात विरघळलेला नव्हे हं, नुसता क्षार! वाल्डेन वितळलेल्या क्षारांतून वीज कशी वाहते ते तपासत होते. अशा आयनी द्रवांकडे पुढे कित्येक दशकं फारसं कुणी वळलं नाही. हवापाण्यात टिकणारे द्रव विल्क्स आणि झावोरोट्को यांनी 1992 मध्ये केले, मग मात्र गर्दी झाली.

आता प्रथिनांकडे येऊ. 1980 च्या दशकात हिलेनकॅम्प आणि कारास यांनी मॅल्डी पद्धत घडवली. नमुना एका सेंद्रिय आम्लात मिसळायचा, थेंब धातूच्या पट्टीवर वाळवायचा, त्यावर लेझर मारायचा. आम्ल प्रकाश शोषतं, प्रथिन न तुटता उडतं आणि यंत्र त्याचं वस्तुमान सांगतं. अडचण आहे ती वाळण्यात. स्फटिक कुठे दाट, कुठे विरळ. प्रथिनही तसंच बसतं. मग प्रयोग करणारा लेझर फिरवत राहतो आणि संकेत जोरदार मिळेल ती जागा धरतो. तिला ‘गोड जागा’च म्हणतात! माझ्यातला तर्कशास्त्राचा मास्तर इथे अडतो. उत्तर बघून जागा निवडली, तर मोजलं काय? प्रथिन आहे एवढं कळेल. रोग्याच्या रक्तात ते किती आहे, हे कसं सांगणार?

साधा द्रव घ्यावा, तर यंत्रातल्या निर्वातात तो उडून जातो. आयनी द्रव जवळजवळ उडत नाही. 2001 मध्ये डॅनियल आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी तोच वापरून पाहिला. गंमत अशी, की तोवरचे नावाजलेले द्रव इथे कुचकामी ठरले. मग मॅल्डीच्याच नेहमीच्या आम्लांत, सिनॅपिनिक आम्ल वगैरे, अमाइन मिसळून त्यांचे क्षार केले. त्यांतले काही पातळ निघाले. थेंब वाळत नाही, मिश्रण सगळीकडे सारखं राहतं, लेझर कुठेही मारला तरी संकेत फारसा बदलत नाही.

एकच द्रव सगळ्यांना चालत नाही. पेप्टाइडांना एक, शर्करांना दुसरा. शिवाय मात्रा काढायची तर माहीत असलेल्या प्रमाणातला एक पदार्थ नमुन्यात अजूनही मिसळावा लागतो.